अदितीसाठी वीस बोअरची बंदूक

हौगांग, सिंगापूर
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय अदू,

तुझी ईमेल येऊन तीन आठवडे झाले. त्यानंतर तू फोनवर दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा 'सांगते, सांगते' म्हणत वेळ मारून नेली. आता सांगते. वीस बोअरची घे. पंप ॲक्शन घे. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, नळी सव्वीस इंची, दस्ता तुझ्या मापाला आखूड करून घेतलेला. वेदांतने कितीही गळ घातली तरी त्याच्या बारा बोअरला हात लावू नकोस. तुला एवढंच हवं असेल तर पत्र इथेच मिटलंस तरी चालेल. पण या निवडीला माझी एक अट आहे. त्या अटीमागे एक गोष्ट आहे. तुझ्या सुबोधमामाचा हात कसा गेला ती गोष्ट. ती तू लहानपणापासून ऐकलीयस, पण खोटी ऐकलीयस. एकोणचाळीस वर्षं मी ती कुणालाही खरी सांगितलेली नाही, तुझ्या बाबांनाही नाही. आज सांगणार आहे.

कागदावर लिहितेय कारण मला कंप्युटरवर मराठी टाइप करता येत नाही, आणि ही गोष्ट इंग्रजीत सांगायची माझी तयारी नाही. आपण इथे आलो तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. म्हणजे तिसरीपर्यंतचं मराठी तुझ्या डोक्यात कुठेतरी असणारच. अक्षर मोठं काढतेय, जोडाक्षरं सांभाळून लिहितेय. तरी अडलीस तर वेदांतकडून वाचून घे. पुण्याच्या मुलाला मराठी वाचायला सांगितलं की तो चुका काढत वाचेल, पण वाचेल. तसंही अर्धं पत्र जावईबापूंसाठीच आहे.

तुझी ईमेल बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, 'ही मुलगी मांजराला इंजेक्शन देताना रडायची, ती आता बदकं मारणार?' मी म्हटलं, ती गुरांची डॉक्टर झालीय, हात कोपरापर्यंत गायीच्या पोटात घालते, तिला रडायला आता वेळ कुठे आहे! खरं सांगू, मला आनंद झाला. तिकडे पार दक्षिण गोलार्धात, साउथलँडमध्ये तुम्ही दोघं एकटे पडाल अशी मला काळजी होती. मे महिन्यात बदकांचा हंगाम सुरू झाला की सगळा गाव पहाटे तळ्यांवर जाऊन बसतो, शेजारी तुम्हालाही बोलावतात, तू पोलिसांची परवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालीस, हे सगळं वाचून वाटलं, पोरगी रुजली. आणि शेवटी तू लिहिलंस, 'आई, यू चूज लाह, यू आर द शिकारी.' ते वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. छप्पन्न वर्षांच्या बाईला शिकारी म्हणणारं या अख्ख्या बेटावर दुसरं कोण आहे?

मग अभ्यासाला लागले. तुला माहितेय, मी एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा पिच्छा पुरवते. रॅफल्स प्लेसला बँकेत जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात खात बंदुकांची माहिती वाचायचे. तिसऱ्या दिवशी आमच्या आयटीतला अंकुर, पुण्याचाच मुलगा, टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा असा, की जणू मला काही असाध्य रोग झालाय. हळूच म्हणाला, 'मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना? सिस्टिमने तुमच्या नावाची यादी काढून दिलीय. शॉटगन, शॉटगन, शॉटगन, आणि मध्ये एकदा साबुदाणा वडा.' मी त्याला समोर बसवून वीस बोअर म्हणजे काय, बोअरचा आकडा मोठा तशी नळी बारीक कशी, ते पंधरा मिनिटं समजावलं. आता तो मला लिफ्टमध्ये आधी जाऊ देतो.

प्रत्यक्ष बंदूक हातात घेऊन बघायची सोय इथे नाही, तर ती मी घरी केली. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेतला, त्याला ओल्या वाळूच्या पिशव्या चिकटपट्टीने बांधल्या, एकदा पावणेतीन किलो केलं आणि एकदा तीन किलो चारशे ग्रॅम. कॉरिडॉरमध्ये उभी राहून तो दांडा खांद्याला लावायचा, समोरच्या ब्लॉकवरून उडणाऱ्या मैनेच्या मागे फिरवायचा, खाली घ्यायचा, परत लावायचा. पंचवीस वेळा. शेजारच्या मिसेस गोह कपडे वाळत घालायचा बांबू आत घेता घेता थांबून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, 'आंटी, यू ओके ऑर नॉट?' तीन चारशेच्या दांड्याने अठराव्या वेळेला माझा डावा हात खाली यायला लागला. तू माझ्यापेक्षा दोन इंच बुटकी आहेस, आणि तुला तो भार घेऊन चिखलातून चालायचंही आहे. म्हणून बारा बोअर नको. यात बाईमाणूस म्हणून काही नाही. वेदांत सहा फुटी आहे म्हणून त्याला जड बंदूक पेलते, एवढाच त्याचा पराक्रम.

पण हलकी म्हणजे किती हलकी, यालाही मर्यादा आहे. दुकानदार तुझी उंची बघेल आणि चारशेदहाची बंदूक काढून समोर ठेवेल. दिसायला नाजूक, वजनाला छत्रीएवढी. घेऊ नकोस. तिच्या काडतुसात छर्रे मूठभरसुद्धा नसतात. ज्याचा नेम पक्का त्याने ती वापरावी. नवशिक्याच्या हातून तिने पाखरू मरत नाही, जखमी होऊन पाणवनस्पतीत शिरतं आणि तिथे दोन दिवस तडफडतं. तू जनावरांची डॉक्टर आहेस, तुला ते सोसायचं नाही. अठ्ठावीस बोअर गोड असते, पण तिची काडतुसं गावातल्या दुकानात दर वेळी मिळतीलच असं नाही. वीस मधली आहे, सोयीची आहे आणि खरी आहे. अजून एक. बंदूक हलकी म्हणजे धक्का कमी असं लोकांना वाटतं. उलट असतं. भारी काडतूस हलक्या बंदुकीतून मारलं की खांदा काळानिळा होतो. तू साधी, हलकी काडतुसं घे. आणि दस्त्याचं माप घेताना दुकानात नुसत्या टीशर्टवर घेऊ नकोस, तिकडच्या थंडीचा तो तुझा जाड कोट घालून जा. दस्त्याची टाच कोपराच्या खळग्यात टेकव, बोट सहज चापापर्यंत पोचलं तर तुझं माप. ताणावं लागलं तर कापून घे. लाकूड कापायला मन धजत नाही म्हणून लोक आयुष्यभर लांब दस्ता वापरतात आणि नेम चुकला की वाऱ्याला नावं ठेवतात.

पंप का, तर ती साधी आहे. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. चिखल, पाऊस, अडाणी हात, काही असो, ती चालते. आणि मूठ मागे ओढून ठेवली की बंदूक उघडी आहे हे दहा पावलांवरूनही दिसतं. बंदुकीत मला सगळ्यात जास्त तेच आवडतं, ती उघडी दिसणं.

हे सगळं मला शिकवलं ते सुबोधमामाने. तो सध्या इथेच आहे, तुझ्याशी फोनवर बोलला ते आठवत असेल. नागपूरहून महिनाभरासाठी आलाय, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. सकाळी खालच्या हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जाऊन इथली कॉफी, म्हणजे कोपी, पितो, मग एमआरटीच्या गाडीत बसून कुठेही जातो. परवा सेंगकांगला जाऊन तिथल्या एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून चार फेऱ्या मारून आला. म्हणाला, 'बाप्पा, इथं तर झाडंसुद्धा रांगेत उभी राहतात!' पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, विषुववृत्त किती जवळ आहे ते बाबांना नकाशावर दाखवत असतो. कपाचा कान तो डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत धरतो. इतका सराईतपणे, की समोरच्याला दिसतही नाही. मला दिसतं.

तुला आजोबा आठवतात ते आजारपणातले, खाटेवरचे. मला आठवतात ते पाटबंधारे खात्याचे ओव्हरसिअर, खाकी कपड्यातले. गोंदियाकडचा आमचा मुलूख तलावांचा. हिवाळ्यात अप्पांचा दौरा असे, या तलावाची पाळ, म्हणजे बांध, बघ, त्या तलावाचं दार बघ, आणि सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्या मागे. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर बदकांची नुसती चादर पसरलेली असे, लालसरी, तलवार बदक, चक्रांग. त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. अप्पांकडे बारा बोअरची दुनळी होती, ती दादा, म्हणजे तुझा सुबोधमामा, चालवायचा. मी हट्ट धरला की मलाही हवी. माझ्याच्याने बारा पेलेना, तेव्हा मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब गाशा गुंडाळून निघाला होता, त्याच्याकडून अप्पांनी एकनळी वीस बोअर घेतली. घरातली पोरगी बंदूक चालवते याचा त्यांना केवढा अभिमान! आई मात्र म्हणायची, हिच्याशी लग्न कोण करणार, आधी चिलखत घालावं लागेल. ती हलकी बंदूक माझ्यासाठी घरात आली, म्हणजे आमच्या घरात दोन बोअरची काडतुसं आली. तुझ्या घरात आता तेच होऊ घातलंय, म्हणून सांगतेय.

आता तिकडे वीसची काडतुसं पिवळी असतात, लांबूनच कळावं म्हणून. आमच्या वेळी दोन्ही लालच, कागदी. वीसचं काडतूस बाराच्या नळीत अडकत नाही, पुढे सरकतं आणि थोड्या अंतरावर रुतून बसतं. मागून बघशील तर काडतुसाची जागा रिकामी. मग माणूस समजतो भरलीच नव्हती, आणि त्याच्यामागे बाराचं काडतूस भरतो. चाप ओढला की पुढचा रस्ता बंद. नळी फाटते, आणि ती नेमकी फाटते डाव्या हाताजवळ.

हे होऊ नये म्हणून अप्पांनी घरात एक शिस्त लावली होती. तळ्यावरून आलं की ओसरीवर पितळेची परात ठेवलेली असे. हातपाय धुण्याआधी प्रत्येकाने त्यात आपले खिसे झाडायचे. सगळे खिसे, उलटे करून. परातीत काडतूस पडल्याचा आवाज स्वयंपाकघरात आईला ऐकू येई, मग ती चहा टाकी. अप्पा स्वतः बाराची एका डब्यात आणि वीसची दुसऱ्या डब्यात ठेवत. 'खिसे झाडले का?' हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता, इतर घरांत शुभंकरोती म्हटलं का विचारतात तसा.

सदुसष्ट सालचा जानेवारी. अप्पा दुसऱ्या तलावावर मुक्कामाला गेले होते. मी सतरा वर्षांची, दादा वीसचा. डेहराडूनला वनखात्यातल्या रेंजरच्या ट्रेनिंगसाठी त्याची निवड झाली होती, फक्त मेडिकल बाकी होती. त्या संध्याकाळी तळ्यावरून परत येताना मला थंडी वाजायला लागली, तर त्याने आपलं खाकी जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं आणि स्वतः सदऱ्यावर चालला. माझ्या हातात तीन काडतुसं उरली होती. ती मी त्याच्या जाकिटाच्या उजव्या खिशात टाकली. घरी आलो. दादाने आपले खिसे झाडले, परातीत आवाज झाला. माझ्या फ्रॉकला खिसेच नव्हते. मला भूक लागली होती, आतून भाकरीचा वास येत होता, आणि अप्पा घरात नव्हते. मी जाकीट खुंटीला अडकवलं आणि जेवायला बसले. झालं ते एवढंच. एवढ्याशा गोष्टीला लागलं असतं ते अर्धं मिनिट.

पहाटे आम्ही दोघंच गेलो. अंधार होता, बोटं गारठलेली होती. त्याने जाकिटाच्या खिशात आपली काडतुसं टाकली आणि चाचपून दोन भरली. पाखरं उठली, त्याने उजवा चाप ओढला, नुसता खट्ट आवाज. नळी खाली वाकवून बंदूक उघडली, अंगठ्याने बघितलं तर जागा रिकामी. माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, 'बघ, भरलीच नाही.' त्याच खिशातून दुसरं काढून भरलं. पुढचं मी तुला सांगत नाही. मी त्याचा हात अप्पांच्या मफलरमध्ये गुंडाळला आणि पाळीवरून धावत सुटले, कालव्यावरच्या चौकीदाराला आणायला. अंगठा आणि दोन बोटं गेली.

अप्पांनी ती फाटलेली नळी तपासली. आत वीसच्या काडतुसाची पितळी टोपी सापडली. ती त्यांनी इस्पितळात दादाच्या खाटेजवळ नेली आणि एकच प्रश्न विचारला, खिसे झाडले होते का? मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, अदू. दादाने डोळे मिटले, आणि म्हणाला, 'बहुतेक राहिले असतील.' जाकीट त्याचं, खिसा त्याचा. माझी काडतुसं अंधारात त्यानेच चुकून उचलली असणार, असं सगळे धरून चालले. तोंड उघडायला मला तेव्हा एक क्षण मिळाला होता. तो मी घालवला. दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड झालं, आणि वर्षाने अशक्य. भीती वाटली, बाकी काही कारण नव्हतं. मी त्याला दुसरं नाव देत नाही.

डेहराडून गेलं. दादा गोंदियाच्या शाळेत मास्तर झाला. चांगला मास्तर झाला, ते खरं आहे, पण त्याला जंगलात जायचं होतं. अप्पांनी दोन्ही बंदुका विकल्या. ते त्याला रागावले नाहीत कधी, त्यापेक्षा वाईट केलं. त्याच्याकडे कुठलंही काम सोपवायचं झालं की म्हणत, राहू दे, ज्याला स्वतःचे खिसे सांभाळता येत नाहीत त्याला कशाला. माझ्या लग्नाची तयारी चालली होती तेव्हाही म्हणाले. ते गेले त्या वर्षीसुद्धा म्हणाले, तू तिथे होतीस, पाच-सात वर्षांची. दादा नुसता हसला आणि उठून औषध आणायला गेला. आणि मला काय म्हणायचे? संजू कधी चुकत नाही. त्या विश्वासावर त्यांनी मला नागपूरला शिकायला पाठवलं, मग मुंबईला. बँकेतही तेच. संजीवनीने बघितलंय ना, मग बघायला नको. मी ते ऐकून घेते. माझं काम चोख आहे, त्यात खोटं काही नाही. पण त्या वाक्याची किंमत दादाच्या हाताने मोजलीय, हे मला दर वेळी माहीत असतं.

तर आता माझी अट ऐक. वेदांत, तुम्हीही ऐका. घरात एकच बोअर. दोन वेगळे डबे, दोन रंग, दोन कपाटं, हे मला सांगू नका. माणूस दमतो, भुकेला असतो, एकमेकांचे कोट घालतो. नवरा-बायको तर घालतातच. अदिती वीस घेणार असेल तर वेदांतने आपली बारा विकायची आणि वीस घ्यायची. सहा फुटी माणसाच्या हातात वीस शोभत नाही असं शेजारी म्हणाले तर म्हणू देत, बदकाला ते कळत नाही. हे जमत नसेल तर अदितीने बंदूक घेऊच नये, मेच्या पहिल्या शनिवारी थर्मास घेऊन पाळीवर बसावं. मी निवड करावी असं तू म्हणालीस, तर माझी निवड ही अशी अख्खी आहे. यातला एक तुकडा उचलून चालणार नाही. आणि परात विकत घे. तिकडे पितळेची मिळणार नाही, ॲल्युमिनियमची चालेल.

गेल्या रविवारी जेवताना आम्ही तुझ्या बंदुकीवरच बोलत होतो. दादा रंगात आला होता. वीसच घ्यायला लाव तिला, हे त्याचंच मत, आणि नळी सव्वीसची हेही त्याचं. बाबांना चमच्याने दाखवत होता, उडत्या पाखराच्या पुढे किती धरायचं. हात थांबवायचा नाही, म्हणाला, हात थांबला की पाखरू गेलं. मग हसत हसत मला म्हणाला, 'तिला पत्रात माझ्याकडून एक लिही, वं संजू. म्हणावं, मामासारखा वेंधळेपणा करू नको, खिसे झाडल्याशिवाय झोपू नको.' बाबाही हसले. ते वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय की हसणं आपोआप येतं. मीही हसले असेन. आणि मग उठून ताटं उचलली, सिंकपाशी उभी राहिले, आणि नळ सोडून रडले. तू मला फार वेळा रडताना पाहिलेलं नाहीस. एकोणसाठ वर्षांचा माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर सांगतोय, आणि ती माझ्याच मुलीला धडा म्हणून पाठवतोय. तो वेंधळा कधीच नव्हता. थंडी वाजतेय म्हणून त्याने बहिणीला जाकीट दिलं होतं.

बंदुकीचं तर दहा ओळींत आटोपलं असतं, तेवढं मी फोनवरही सांगितलं असतं. हे पत्र मी तुला लिहिलंय, पण पहिला वाचणार तो आहे. येत्या गुरुवारी त्याचं विमान आहे. या आठवड्यात तीनदा मी त्याच्यासमोर बसले आणि तीनदा कोपी घेणार का एवढंच विचारून उठले. बँकेत चाळीस माणसांपुढे ज्या बाईचा आवाज कधी अडखळला नाही, तिला हे तोंडाने सांगता येत नाही, हे मी आता मान्य केलंय. लिहिता मात्र येतं. म्हणून उद्या सकाळी तो खाली जायला निघाला की हे पाकीट त्याच्या हातात देणार आहे. तुझा पत्ता घातलेलं, उघडं. सांगणार आहे, दादा, वाच, आणि मग काय करायचं ते तू ठरव. वाचून त्याने फाडून टाकलं तर तो त्याचा हक्क आहे. मग तुला फोनवर फक्त बोअर आणि नळी कळेल, आणि बाकीचं मी तुझ्या बाबांपासून सुरुवात करून एकेकाला स्वतः सांगेन. आता मागे फिरणार नाही. मला माफ कर असं मी त्याला इथे लिहीत नाही. ते मागायचंच असेल तर त्याच्यासमोर उभं राहून, पत्राआड लपून नाही. पण अदू, हे पत्र जर तुझ्या हातात असेल, तर एवढं समज, की सुबोधमामाने ते इथपर्यंत वाचलं, पाकीट त्या दोन बोटांनी दाबून बंद केलं, आणि टपालपेटीपर्यंत चालत जाऊन स्वतः आत टाकलं.

तुझीच,
आई